सुनंदासाठी केलेली प्रार्थना

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. रोज सकाळी गुडघे टेकते तेव्हा देवालाही नाही — म्हणजे त्याला ठाऊक असणारच, पण मी होऊन विषय काढला नाही. गेल्या महिन्यात एका माणसाला सांगितलं. आणि आता तुम्हाला.

आधी माझी कीर्ती ऐका. शेलूबाजारात आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, रविवारी सगळे आले तरी एका खोलीत मावतात. त्यांच्यात मी ‘धीर देणाऱ्या बाई’. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. दिवसाकाठी एका तरी माणसाला धीराचा शब्द द्यायचा, हा आईनं लावलेला नेम. ती म्हणायची, नुसतं चर्चला जाऊन कुणी ख्रिस्ती होत नाही. म्हणून कुणाचं ऑपरेशन असो, कुणाची सून रुसलेली असो, माझा फोन जाणारच. भाजीवालीच्या मेथीलासुद्धा मी चांगलं म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. आणि हे ढोंग नव्हे बरं का! मला ते मनापासून आवडतं.

मग बोच कसली? — सांगते. जरा आडवळणानं सांगते, कारण सरळ सांगायचा धीर, बघा, मलाच होत नाही.

पडलेल्याला हात देणं सोपं असतं. तो खाली असतो, आपण वर असतो. पण जो आपल्यापेक्षा चांगलं करतोय, त्याला ‘चांगलं करतोयस’ म्हणायचं — हे तुम्हाला जमतं? मला वाटायचं, मला जमतं.

नऊ वर्षं झाली. तेव्हा चर्चमधलं संडे स्कूल माझ्याकडे होतं, चौदा वर्षांपासून. मी शुद्ध भाषेत गोष्ट सांगायचे, मुलं हाताची घडी घालून ऐकायची. शांतता अशी की मला अभिमान वाटायचा. ती शांतता कंटाळ्याची असेल, हे कधी मनात आलं नाही.

एकदा माझा घसा बसला, म्हणून पाळकांनी सुनंदाला उभं केलं. सुनंदा केनवडची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणारी. शिक्षण सातवी. तिनं हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली — आपल्या वऱ्हाडीत. तिचं मेंढरू थेट कुणाच्या तुरीत शिरलं, शेतमालक काठी घेऊन आला, आणि मेंढपाळ बिचारा बांधावर उभा राहून म्हणतो, ‘शिव्या मले द्या बाप्पा, पण माह्या लेकराले मारू नोका.’ मुलं पोट धरून हसली. आणि शेवटी एकदम गप्प झाली. एक पोरगी तर रडली. मी मागच्या बाकावर होते. गळ्याला मफलर. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं — हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे केलं ते न कळून केलेलं नाही.

पुढचे पाच-सहा रविवार तिनंच घेतले. माझा घसा केव्हाच बरा झाला होता. मुलांची संख्या वाढली, शेजारपाजारचीही येऊन बसू लागली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, ‘बाई, तुम्ही कधी घेणार?’

मग एका रविवारी, उपासनेनंतर सगळे चहाला गेल्यावर, ती माझ्याजवळ आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत. “बाई, खरं सांगा, मले जमून राह्यलं का? माही बोली अशी गावठी. लेकरायचं नुकसान तं नाई होत ना? तुमी म्हणसान तं शिकवीन, नाई तं सोडून देईन.”

एक शब्द हवा होता तिला. ‘हो.’ एवढाच. भाजीवालीच्या मेथीला मी तो रोज फुकट देत होते. सुनंदाला दिला नाही.

नाही म्हणाले असते तरी बरं होतं. भांडता आलं असतं तिला. मी काय केलं? तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, चल, आपण प्रार्थना करू. डोळे मिटले आणि मोठ्यानं, अगदी मायेच्या आवाजात मागितलं — प्रभू, या बहिणीला आपली मर्यादा ओळखण्याची बुद्धी दे, आणि लहानग्यांपुढे तुझं वचन शुद्ध राहू दे.

आमेन तिनं माझ्याआधी म्हटलं.

पुढच्या रविवारी ती मागच्या बाकावर होती. शेतात काम फार निघालंय, असं तिनं पाळकांना सांगितलं. त्यांनी मला विचारलं, तर मी म्हणाले, मी तिच्यासाठी प्रार्थना करतेय. त्यांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वर्ग परत माझा झाला, हाताच्या घड्या परत आल्या. वर्षभरात सुनंदाच्या नवऱ्याला कामरगावात काम मिळालं आणि ती गेली. मला हायसं वाटलं — हेही सांगून टाकते.

यंदा वाशिमच्या महिला मेळाव्यात मला बोलायला सांगितलं. विषय, रोजच्या जीवनात एकमेकांना धीर देणं. वही उघडली. तीन दिवस एक ओळ उतरेना. चौथ्या दिवशी नाही म्हणून कळवलं, जीपमध्ये बसले आणि कारंज्याला गाडी बदलून कामरगावला गेले.

सुनंदा दारात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तुझं उत्तम होतं, मी तुझ्यावर जळले, म्हणून ती प्रार्थना केली. त्यात देवाचं काही नव्हतं, सगळं माझं होतं.

तिचं सूप थांबलं. मग म्हणाली, “म्हंजे देवानं नव्हतं नाई म्हटलं?”

मला आधी कळलंच नाही.

“मले वाटे, देवालेच माहा आवाज आवडला नाई. तवापासून मी तोंडानं प्रार्थनाच नाई केली, बाई. मनातल्या मनात करतो. हळू.”

नऊ वर्षं. मला वाटत होतं, मी तिच्याकडून एक वर्ग काढून घेतला.

आणि मग ती हसली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. “नव्हतं म्हटलं,” ती स्वतःशीच म्हणाली, “त्यानं नव्हतं म्हटलं.” माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

तेव्हापासून मला हलकं वाटतंय, ते लपवत नाही. पण क्षमा मी मागितली नाही. मागितली असती तर सुनंदानं लगेच दिली असती, पाठीवरून हातही फिरवला असता — आणि मला धीर देण्याचं कामही तिलाच करावं लागलं असतं.