टाळकऱ्यांची चुकलेली ओळ

एका सिनेमासाठी मी गाणं लिहिलं, चालही मीच लावली. माझं पहिलंच गाणं. निर्मात्याचा फोन आला, "मॅडम, चाल तुमचीच आहे असं लिहून द्या. उद्या कुणी कोर्टात गेलं तर आमचं कठीण होईल." मी तोऱ्यात हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझी मलाच शंका आली. चाल मला अगदी आयती सुचली होती, आणि आयतं सुचलेलं बहुधा कुठंतरी ऐकलेलं असतं.

आमच्या गावी, झरीला, माझे काका महादेवाच्या देवळात भजनी मंडळ चालवतात. मी टाळ धरायला तिथंच शिकले, म्हणजे चोरी झाली असलीच तर घरातच झाली असणार. सोमवारी गेले. काकांनी पेटीवर चाल वाजवून पाहिली.

"पहिली ओळ आमच्या भजनाच्या लय जवळ जायलीय."

माझं तोंड एवढंसं झालं.

"तोंड पाडू नकूस. भजनाचेच शब्द तुझ्या चालीवर म्हण. टाळकरी काय करतेत बघू."

आमच्या मंडळाची एक खोड आहे. चाल ओळखीची निघाली की म्हणणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही, पुढची ओळ तेच ओढून नेतात.

मी पहिली ओळ म्हटली. सगळ्यांनी ती झोकात उचलली. संपलं, म्हटलं. दुसऱ्या ओळीला ते माझ्याआधीच धावले आणि सगळेच्या सगळे खालच्या सुरांत उतरले. मी वर गेले होते. टाळ एकीकडं, मृदंग दुसरीकडं. भजन तिथंच मोडलं.

"बाई, तू कुठं चाललीस?" सगळ्यांत म्हाताऱ्या टाळकऱ्यानं विचारलं.

मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तरी मी हसतच होते. देवाचं भजन मोडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

"पण पहिल्या ओळीचं काय?" मी काकांना विचारलं.

"तव्याचा वास भाकरीला लागतोच. म्हणून भाकरी काय तव्याची होत न्हाई. तेवढं त्या सिनेमावाल्याला सांगून टाक."

सांगायचंच, मी ठरवलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. म्हातारबाबा मात्र घुश्शात होते. त्यांची ओळ कधी चुकत नसे.

"दुसरी परत म्हण. हळू म्हण."

मी म्हटली. या वेळी सगळे थांबले, आणि माझं म्हणून झाल्यावरच त्यांनी ती उचलली.