अर्ध्या धपाट्याचा शूटर

भूमच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझा उजवा पाय बधिर झाला होता आणि पिशवीतल्या केळ्यांची शिकरण झाली होती. पुण्याहून निघताना मैत्रिणीने विचारले होते, “एवढ्या उन्हाळ्यात भूमला कोण जातं?” मी जाते, असे ठसक्यात सांगून निघाले होते. आता तक्रार करायची सोय नव्हती.

मला भेटायचे होते शूटिंग व्हॉलीबॉलच्या जुन्या खेळाडूंना. या खेळात पलीकडून आलेला चेंडू मूठ वळून थेट नेटपार हाणायचा. नेटजवळ उभा राहतो तो नेटमन, मागून हाणतो तो शूटर. एके काळी या भागातली गावे स्पर्धेसाठी दूरदूरचे शूटर आणत. धंदेवाईक खेळाडू म्हणावे, तर धंदा असा, की येण्याजाण्याचे तिकीट, टॉवेल-टोपी आणि सामना जिंकला तर किलोभर खवा!

भूमपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात नामदेवनाना राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ कणा, आणि ऐकू येत नसले की समोरच्यालाच ‘नीट बोला’ म्हणून झापायची सवय. त्यांच्या काळातले ते नामांकित नेटमन.

“चेंडूत सायकलच्या पंपानं हवा भरायची,” नाना सांगू लागले. “रेघा राखंनं मारायच्या. वारं सुटलं की रेघ उडायची, मग भांडनं.”

“पण स्पर्धा तर गावागावांच्या होत्या ना? बाहेरचा खेळाडू कसा चालायचा?”

नाना मिश्कील हसले. “त्येला रीत व्हती. सामन्याच्या दिशी ज्या घरी पयलं जेवला, त्या गावचा. पंच इचारायचा, ‘कुठं जेवला?’ गडी सांगायचा. झाला गावचा!”

मला ही रीत फार आवडली. एरवी ज्याला ओसरीच्या आत कोणी घेतले नसते, त्याला सामन्याच्या सकाळी चुलीपुढे पाट मिळत असे. गावे कप जिंकण्यासाठी का होईना, शहाणी होत होती.

मग मी उमरग्याचे जुने शूटर युनूसभाई यांचे नाव काढले. नानांच्या कपाळावर एकदम आठी चढली.

“त्येचं नाव काढू नगा. फायनलच्या दिशी आमच्याकडून खेळायला निघाला अन् येरमाळ्याकडून उभा ऱ्हायला. मटनाच्या वाटीपायी गेला त्यो!”

काकूंनी मला हळूच स्वयंपाकघरात बोलावले. पार्वतीकाकू म्हणजे नानांच्या पत्नी. माझ्या ताटात येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची) वाढता वाढता त्या म्हणाल्या, “बाई, रविवारी जुन्या मैदानावर नेट बांधायलेत. पयला खेळ यांच्या हातनं करायचा म्हनत्यात पोरं. पर हे म्हनतेत, ‘माझ्या पाठीमागं शूटर कोन?’ समद्यांची नावं सांगून झाली, एकबी पसंत न्हाय. चाळीस वर्सं झाली युनूसभाईंशी अबोला धरून. नाव घेत न्हाईत, पर मला कळतंय. दोघांचीबी वयं झाली आता. तुमी उमरग्याला जायलात न्हवं?”

जायचे होतेच. पण लिहिणाऱ्या माणसाने निरोप्याचे काम घेऊ नये, असे माझे जुने मत आहे. ते मी आमटीबरोबर गिळले.

येरमाळ्यात बस बदलायची होती. हॉटेलात भजी खाताना मी सहज त्या फायनलचा विषय काढला, तर मालकाचे वृद्ध वडील गल्ल्यामागून उठूनच आले. ते त्या वेळच्या येरमाळ्याच्या संघातले निघाले.

“मटन? कुनी सांगितलं? पुरनपोळी खाल्ली व्हती त्येनं! तूप कोपरापोतर! तवापासनं युनूस आमचा गडी.”

म्हणजे पदार्थ बदलला होता, मुद्दा तोच होता. मी दुसरी प्लेट मागवली.

तुळजापूर मागे टाकून उमरग्याला पोचले तेव्हा दुपार कलली होती. हमरस्त्यावर ट्रकांची रांग, एका कानात कानडी, दुसऱ्यात दख्खनी. युनूसभाई मुलाच्या टायरच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते. उंच, सडपातळ, आणि मुठी अशा, की खलबत्त्याची गरज पडू नये. मी भूमहून आले एवढेच सांगितले, तर त्यांनी माझे नावही न विचारता पहिला प्रश्न केला, “नानाची तबियत कशी हाय?”

मग चहा आला आणि फायनलची गोष्टही आली.

“बस येरमाळ्यात बंद पडली, ताई. सकाळधरनं उपाशी. एका घरातल्या मावशीनं हाक मारली, ‘ये बाबा, खाऊन जा.’ धपाटं व्हतं अन् दही. अर्धं खाल्लं, मान वर केली, तर खुंटीवर येरमाळ्याच्या टीमचं बनियन! तसाच उठलो, हात धुतला. पर तवर उशीर झाला व्हता. पंचानं इचारलं, ‘कुठं जेवला?’ आता अन्नाबद्दल खोटं कसं बोलू?”

“मग नानांना का नाही सांगितलंत?”

“नानानं इचारलंच न्हाय. इचारल म्हून वाट बघत ऱ्हायलो.”

मला हसू आवरेना. मटण नाही, पुरणपोळी नाही. चाळीस वर्षांचा अबोला अर्ध्या धपाट्यावरून! युनूसभाईही हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मग मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

रविवारचे सांगितले. त्यांनी विचारले, “नानानं बोलावलं का?”

खोटे बोलणे सोपे होते. पण अन्नाबद्दल खोटे न बोलणाऱ्या माणसापुढे जीभ रेटेना. “नाही. काकूंनी बोलावलंय.”

“मग बरोबर. त्यो कसला बोलावतोय!” असे म्हणून ते उठले आणि मुलाला म्हणाले, “माझे कॅनव्हासचे बूट काढ रे.”

मी काकूंना फोन करून सगळे सांगितले, धपाट्यासकट. “बघते मी,” एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी पहाटेच्या बसने निघालो. युनूसभाईंनी घरचा चहाही घेतला नव्हता. “आज पयला घास नानाकडंच,” ते म्हणाले. येरमाळ्यात बस थांबली आणि नको तेच झाले. हॉटेलातल्या आजोबांनी त्यांना खिडकीत पाहिले. “शूटर आला, शूटर!” म्हणत ते चहा घेऊन धावले. मागोमाग भजी आली, मग पेढा. युनूसभाईंनी तोंडाला रुमाल बांधला आणि नुसती मान हलवली.

“आरं, पानी तरी!”

पाणीही नाही. मी मात्र माझी आणि त्यांची, दोन्ही प्लेट भजी घेतली. युनूसभाई रुमालाआडून म्हणाले, “खावा, ताई. तुमाला कुठं खेळायचंय?”

मैदानावर नेट बांधून झाले होते. गाव जमले होते. नाना मधोमध उभे होते, टोपी डोळ्यांवर ओढून. आम्ही जवळ गेलो तशी पोरांनी वाट करून दिली. मला वाटले, आता एकतर भांडण होईल, नाहीतर मी पळून जाईन.

नानांनी युनूसभाईंना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले आणि पंचाच्या आवाजात विचारले, “कुठं जेवला?”

“आजून न्हाय,” युनूसभाई म्हणाले.

“येरमाळ्यात?”

“पानीबी न्हाय.”

  नानांनी हात मागे केला आणि काकूंनी त्यावर एक धपाटे ठेवले. नानांनी ते मधोमध मोडले, निम्मे काकूंना परत दिले आणि निम्मे युनूसभाईंपुढे धरले.

“अर्धं खाल्लंस म्हनं. हे त्येच्यातलं ऱ्हायलेलं. खा, अन् मागं हुबा ऱ्हा.”

युनूसभाईंनी ते उभ्याउभ्याच खाल्ले. मग दोघांनी जागा घेतल्या. चेंडू आला, युनूसभाईंनी मूठ वळली, आणि फटका नेटवरून, सीमारेषेवरून आणि दोन म्हशींवरून पार कडब्याच्या गंजीत गेला. “औट!” कुणीतरी ओरडले. “आत हाय!” नाना गरजले. त्यावरून पुढची पंधरा मिनिटे भांडण चालले आणि यावेळी दोघे एकाच बाजूने भांडत होते. मी एका झाडाखाली उभी राहून रडून घेतले.

पुण्याला निघताना काकूंनी धपाट्यांचा डबा बांधून दिला. घरी पोचले, कुलूप काढले, डबा ओट्यावर ठेवला आणि हिशेब करत बसले. तीन दिवसांत मी तीन गावांत जेवले होते. नानांच्या रीतीने तिन्हीकडून खेळायला मोकळी होते. आणि या इमारतीत अकरा वर्षे राहते. समोरच्या दारावरच्या पाटीतले आडनाव मला पाठ आहे, पण आत कोण राहते ते ठाऊक नाही. इथे मला कोणी विचारले, कुठे जेवलात, तर काय सांगणार?

डबा उचलला आणि समोरची बेल दाबली. दार उघडायच्या आत, ओळख करून द्यायला निमित्त हवे म्हणून, मी एक धपाटे मधोमध मोडून ठेवले.