खोट्या निकालावरचा रोट

हे मी कुणाजवळही बोलले नव्हते — परवापर्यंत. आता एकदा तोंड उघडलंच आहे, तर तुम्हालाही सांगते. लाजायचं तरी किती?

मी म्हसावदची. कॉलेजसाठी नंदुरबारला खोली घेऊन राहते. आईला वाटायचं, पोरगी अभ्यासानं वाळत चालली. अभ्यासानं? अहो, रीलनं! पुस्तक उघडायचं, ‘पाचच मिनिटं’ म्हणत मोबाइल हातात घ्यायचा — मग ना जेवणाचं भान, ना झोपेचं. माझ्या एखाद्या रीलला लाइक पडले नाहीत की दिवसभर रडवेली असायचे. वर्गात डोळे मिटायचे. दुसऱ्या वर्षाला तीन विषय गेले. निकाल विचारायला आईचा फोन आला, आणि मी — काय सांगितलं असेल? पास.

मला ठाऊक नव्हतं, माझ्या निकालासाठी ती कानबाईला, आमच्या खानदेशातल्या देवीला, नवस बोलली होती. श्रावणात तिनं घरी कानबाई बसवली. रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळे भाऊबंद गोळा झाले. गहू निवडण्यापासून पुरण वाटण्यापर्यंत आईच राबली. येईल त्याला हरखून सांगायची, “कानबाईनी मन्ही पोरले पास करी दिधं.” तेव्हा तरी बोलावं ना? मी काय केलं — विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या आईचा रील टाकला. वर लिहिलं, ‘नवस फळला’. आणि किती जणांनी पाहिला, ते मोजत बसले. नीचपणा, दुसरं काय.

यंदा धाकट्या बहिणीची बारावी. आई पुन्हा नवस बोलली. बहीण निर्धास्त — ताईला पास केलं, मलाही करेल. पुस्तक कोपऱ्यात, डोकं मोबाइलमध्ये. सुट्टीत घरी आले, तिला तसं बघितलं आणि कळलं, माझं खोटं आता तिलाही बुडवणार.

परवा आई तुरीच्या शेंगा सोलत होती. बहीण शेजारीच होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बहिणीनं मोबाइल खाली ठेवला. आईचे हात थांबले. मग राहिलेल्या विषयांचं तिनं विचारलं,

“आते तरी सगळा पेपर निंघनात का?”

जीभ पुन्हा ‘हो’कडे वळली होती — सवयच ती.

“नही,” मी म्हटलं.

छातीवरचा धोंडा उतरला. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! आईला नाही वाटलं. ती शेंगा तशाच टाकून उठली, देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली, आणि माझ्या वाटणीची माफी तीच मागत राहिली.