विठाबाईचं हिरवं विरजण

डहाणूच्या आमच्या आळीत कुणाचं दही बिघडलं की माणूस वाटी घेऊन विठाबाईकडे जातो. नियम दोनच: दिवेलागणीच्या आत जायचं, आणि आभार मानायचे नाहीत. तिसराही आहे, पण तो कुणी बोलून दाखवत नाही. तिचं विरजण संपलं तर तिनं कुणाच्याही दारात हक्कानं उभं राहावं.

विठाबाई सुकी मासळी विकते आणि खाडीकाठच्या तळ्यात कोलंबी पाळते. तळ्याचं पाणी भर मे महिन्यातही हिरवंगार. त्या शेवाळावरच तिची कोलंबी जगते. मी चिडवायचो, "मावशी, रंगपंचमीचं पाणी अजून ओतलं नाहीस?"

"तुझ्या टकलावर ओतते मेल्या, काही उगवलं तर उगवलं."

दोन वर्षांपूर्वी वेवजी गावाकडे एका कंपनीनं टाक्या बांधल्या. शेवाळ वाढवायचं, त्याचं तेल काढायचं आणि त्या तेलावर विमान उडवायचं. उन्हाळ्यात त्यांचं शेवाळ मेलं. मग उन्नती नावाची त्यांची शास्त्रज्ञ पोरगी खाडीकाठ धुंडाळत आली. तिला विठाबाईच्या दारात नेऊन उभं करणारा शहाणा मीच.

विठाबाईनं दोन कॅन भरून हिरवं पाणी दिलं. "विरजण आहे पोरी, याचे पैसे घेत नसतात." उन्नती आठवडाभर तिच्याकडे जेवली. पाणी कधी ढवळायचं, ऊन चढलं की सावली कुठून धरायची, सगळं शिकून घेतलं. निघताना म्हणाली, "मावशी, आमच्या तेलावरच्या पहिल्या विमानात तुम्हीच बसायचं."

"खिडकी उघडते ना त्याची? माझ्या टोपलीचा वास येईल लोकांना."

यंदा ओढ्याचा बांध फुटला. गोडं पाणी खाऱ्या तळ्यात शिरलं, शेवाळ मेलं, कोलंबी काठाला येऊन निपचित पडू लागली. विठाबाई घाबरली नाही. रिकामा कॅन घासला, उन्नतीसाठी सुके बोंबील बांधले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली.

उन्नती फाटकापर्यंत आली. बोंबलांना हात लावला नाही.

"आजी, ते शेवाळ आता कंपनीचं आहे. बाहेर थेंबसुद्धा देता येत नाही."

"मी दिलेलंच मागतेय."

"दिल्याचा काही कागद आहे का?"

फाटकाशेजारी फलक होता. त्यावर हिरव्या पाण्याची बाटली, खाली लिहिलेलं: आमच्या शास्त्रज्ञांनी शोधलेलं शेवाळ. विठाबाईला वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचलं. नसतं वाचलं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेत मी म्हटलं, "मावशीची आजी झालीस, बढती मिळाली." तिनं रिकामा कॅन आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला.

चार दिवसांत कोलंबी संपली. पाचव्या दिवशी, ऊन असतानाच, माझी बायको पुष्पा विरजणाला गेली. विठाबाई दारात आली. तिच्या मागे फळीवर दह्याचं गाडगं काठोकाठ भरलेलं दिसत होतं.

"संपलंय," ती म्हणाली. आणि पुष्पाकडे नाही, समोर आमच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत तिनं दार लावलं.