मागाशेजारची कुजबुज

"दिलगिरी छापा, नाहीतर त्या पोरीचं सदर बंद करा. दोन्ही केलंत तरी माझी हरकत नाही."

अण्णांचा हा सकाळपासूनचा तिसरा फोन. संपादकांनी तो स्पीकरवर टाकला आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला.

अण्णा म्हणजे सोलापुरातले ज्येष्ठ कथाकार. साहित्याचा कार्यक्रम असला की अध्यक्ष तेच, नसले तर प्रमुख पाहुणे. पोरगी म्हणजे मानसा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मी तेव्हा एका दैनिकाची रविवार पुरवणी बघायचो. पुरवणी म्हणजे मुख्य अंकासोबत येणारी चार पानं. बहुतेक घरांत ती आधी कपाटात अंथरली जातात आणि मग कधीतरी, कपडे काढताना, वाचली जातात. त्यात मानसा दर आठवड्याला एक कथा वाचून तिला काय वाटलं ते लिहायची. एकदा जुनी कथा, एकदा नवी.

एका जुन्या कथेबद्दल तिनं लिहिलं होतं, "नायिका पाच पानं खिडकीत उभी आहे. घरात स्वयंपाक कोण करतंय, हे लेखकानं शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही." एका नव्या कथेबद्दल, "शेवट शोधायला पान उलटलं. मागं जाहिरात होती. ती समजली." मराठीच्या तीन प्राध्यापकांनी निषेधाची पत्रं पाठवली. म्हणजे निदान तिघं वाचत होते. पुरवणीच्या मानानं हा आकडा चांगला होता.

मग अण्णांच्या कथेची पाळी आली. तिनं लिहिलं :

"नायक चालू यंत्रमागाशेजारी उभा राहून नायिकेच्या कानात दोन पानं कुजबुजतो. माझे पप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. तिथं शेजारच्याला बोलवायचं तर हात हलवावा लागतो. नायिकेला एक शब्दही ऐकू गेलेला नाही. तरी ती रडते. कशाला, ते समजलं नाही."

संपादकांनी मानसाला बोलावलं. ती दप्तर मांडीवर घेऊन बसली.

"दोन ओळी लिहून दे, बाळ. मोठा माणूस आहे."

"काय लिहू सर?"

"भावना दुखावल्याबद्दल."

"कथेच्या?"

संपादकांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघितलं.

"चुकलं असंल तर दोनदा लिहून देते सर," मानसा म्हणाली. "पण चुकलं नसताना लिहिलं तर पप्पा हसतील की. आणि मग सदर चालू ठेवून तरी काय करू? पुढच्या कथेबद्दल कोण खरं मानणार?"

दैनिकात एक साधा नियम असतो. मताबद्दल दिलगिरी नसते, तपशिलाबद्दल असते. कथा कंटाळवाणी आहे, हे मत. मागाशेजारी कुजबुज ऐकू येत नाही, हा तपशील. तपशील तपासता येतो. आमच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या दुरुस्त करणाऱ्या टेबलावर, सगळे सोलापुरात वाढलेले होते. पाहुण्यांना चादरी सगळ्यांनी दिल्या होत्या. चालू मागाशेजारी कोणीच उभं राहिलं नव्हतं.

मी अण्णांना फोन लावला. "आम्ही कारखान्यात जाऊन तपासतोय. तुम्ही चला."

"कामगारांवर चार कथा लिहिल्यात मी. मला कारखाना दाखवता?"

"म्हणूनच तुम्ही हवेत."

ते आले. पांढरा झब्बा घालून आले. कापसाचा बारीक भुगा अंगावर बसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कारखाना पूर्व भागात होता. आत आठ माग चालू होते. मानसाचे पप्पा नरसय्या चौथ्या मागावर होते. मी मानसाच्या हातात अण्णांचं पुस्तक दिलं आणि नायकाचा संवाद अण्णांच्याच कानाशी, लिहिलाय तसा, कुजबुजत वाचायला सांगितला. हे सांगायला मला दारातून बाहेर यावं लागलं.

ती वाचू लागली. अण्णांनी मान वाकवली. मग कानामागे हात धरला. मग त्यांचे ओठ हलले, बहुधा "काय?" असे. ती परत पहिल्या ओळीवर गेली. तेवढ्यात नरसय्यांनी चौथ्या मागावरून माझ्याकडे बघून अंगठा ओठाला लावला आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्यांनी समोरच्या कामगाराला चार बोटं दाखवली. तो गेला आणि चार चहा घेऊन आला. त्या अर्ध्या तासात आतलं पूर्ण झालेलं संभाषण तेवढंच.

चहा आम्ही बाहेर येऊन प्यायलो. अण्णा झब्बा झटकत होते.

"कथेत त्या वेळी लाइट गेली होती, असं समजा," ते म्हणाले. "माग बंद. शांतता. तेव्हा तो बोलतो."

"लाइट गेल्यावर शेडमधी कोण थांबतंय, अण्णा?" नरसय्या अगदी आदरानं म्हणाले. "समदे भायेर येतात की. उकडतंय लई."

"प्रेमात आहेत हो ती दोघं!"

"व्हय, मग तर आधीच भायेर येतील."

अण्णा रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "ते काही असो. मला रविवारी दिलगिरी दिसली पाहिजे."

ऑफिसात येऊन मी मानसाचा मजकूर पेन्सिल घेऊन ओळीनं तपासला. आवाज : बरोबर. हातवारे : बरोबर. नायिका रडते : पुस्तकात आहे. मग संवादाची पानं मोजली आणि मानसाला फोन केला.

"तू दोन पानं लिहिलंस. दीड आहे."

पानं उलटल्याचा आवाज आला. "व्हय सर. दीडच आहे. छापा."

रविवारी तिच्या सदराखाली चौकट आली : "गेल्या आठवड्यात या सदरात नायक चालू यंत्रमागाशेजारी नायिकेच्या कानात दोन पाने कुजबुजतो, असे प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात तो दीड पान कुजबुजतो. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

नऊ वाजता अण्णांचा फोन आला.

"आता कसं! वयानं लहान आहे, चुकते. लिहू द्या तिला, मी मोठ्या मनानं सोडलं."

मानसाचं सदर पुढं दीड वर्ष चाललं, तिची परीक्षा होईपर्यंत. दिलगिरी मागणाऱ्यांबद्दल मी त्यातून एक शिकलो. त्यांना ती ठळक टाइपात हवी असते. कशाबद्दल आहे, ते वाचायचं काम ते इतरांवर सोपवतात.