रत्नमाला मॅडमचा गळा

सायकल चोरीला जाते, धानाचं पोतं जातं, बोडीच्या तळ्यातली मासोळीही जाते. रत्नमाला खोब्रागडेचा गळा चोरीला गेला होता. याची तक्रार पोलीस पाटलाकडे करता येत नाही. चोर पळूनही गेला नव्हता. तो रोज सकाळी हजेरीपुस्तकात तिच्या वरच्या ओळीत सही करायचा, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसायचा आणि खिचडी शिजवणाऱ्या तुळसाबाईला ‘चहा आण’ म्हणायचा.

ती मूळची आसगावची. चौदा एप्रिलला तिचं गाणं झाल्याशिवाय तिथं लोक जेवायला उठत नसत. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जायचा. पुढे गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या एका गावाच्या नव्या वसाहतीत तिची बदली झाली, तेव्हा हा गळा सोबतच होता. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. म्हणजे दोन वर्ग तिचे आणि दोन मुख्याध्यापक वीरेंद्र सरांचे. पण सरांना शिकवायला फुरसत म्हणून मिळाली नाही.

“ऑनलाइन माहिती भरून राहिलो, मॅडम. वरून फोन येऊन राहिले,” एवढं म्हणून ते लॅपटॉपमागे गडप व्हायचे.

खोटं कशाला बोला, माहितीचा जाच खराच होता. आज शौचालयाचा फोटो, उद्या झाडांची संख्या, परवा त्याच झाडांचा फोटो. वर प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद. जिल्ह्यातला प्रत्येक शिक्षक याने गांजलेला, म्हणूनच सरांवर कोणाला संशय आला नाही. रत्नमाला दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात उभी राहून चारही वर्ग हाकायची. इकडे अ-आ-इ, तिकडे भागाकार, मध्येच कोणी कोणाला चिमटा काढलेला. दिवसभर ओरडायचं आणि घरी जाऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या.

भंडाऱ्याच्या डॉक्टरने स्वरयंत्रावर गाठी सांगितल्या. महिनाभर तोंड उघडू नका म्हणाला. तिने रजेचा अर्ज सरांपुढे ठेवला.

“मी वर्गावर गेलो त ऑनलाइन कोण भरन?” सर म्हणाले. “पोरायचं नुकसान होईन, मॅडम. तुमी हळूहळू बोला ना.”

पोरांचं नाव निघालं आणि ती विरघळली. अर्ज मागे घेतला. पुढच्याच आठवड्यात खडू आणायला ती ऑफिसात गेली, तर सरांच्या लॅपटॉपवर रंगीत नकाशा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेलगत पाडलेले प्लॉट. सर फोनवर गिऱ्हाइकाला पूर्वमुखी आणि कोपऱ्याचा यातला फरक समजावून सांगत होते. अगदी शांतपणे, न चुकता, उत्तम शिक्षकासारखं. ती खडूचा डबा घेऊन आल्यापावली परत फिरली.

वर्षअखेरीस डॉक्टर म्हणाला, बोलता येईल, गाणं विसरा. त्या एप्रिलला ती आसगावला गेलीच नाही. घरी दार लावून बसली आणि मनाशी एकच गोष्ट पक्की केली. या माणसाला बदली नको, दंड नको, काही नको. याचा गळा गेला पाहिजे, आणि तो जाताना आपल्याला ऐकू आला पाहिजे.

संधी सरांनीच आणून दिली. जुलैत तालुक्याला एका दिवसाचं प्रशिक्षण लागलं, शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता. नेमकं त्याच दिवशी त्यांना प्लॉट दाखवायचा होता. “तुमीच जा, मॅडम. चहा-नाश्ता भेटते,” ते म्हणाले.

नाश्ता तिने केला. पण शिकवायला आलेल्या अपेक्षा नावाच्या तरुण साधनव्यक्तीने मोबाइलवर जे दाखवलं ते पाहून तिने हातातली बशी खाली ठेवली. शाळेत काय घडलं ते साध्या भाषेत सांगायचं, की यंत्र त्याचा सरकारी मराठीतला अहवाल करून देतं. पाठाचं नियोजन, नोंदी, गोषवारा, सगळं. तिने फोनशी बोलून पाहिलं, पण तिचा घोगरा आवाज त्याला कळेना. पुन्हा बोला, पुन्हा बोला, म्हणत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मग ती टाइप करायला लागली.

दोन महिने ती घरी गुपचूप हात बसवत होती. यंत्रही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. वृक्षारोपणाच्या अहवालात त्याने न निघालेली प्रभातफेरी काढली, वर न आलेल्या सरपंचाचं भाषणही टाकलं. तिने ते खोडलं. खोटं लिहायला शाळेत माणूस नेमलेला होता.

सप्टेंबरात शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली. अध्यक्ष मंगरू, धरणात जाळं टाकणारा माणूस, त्याची नात पहिलीत. त्याने सरळच विचारलं, “सर, पोरीले अजून ‘क’ नाही येत. काहून?”

“ऑनलाइन काम, मंगरूभाऊ. एकटा माणूस किती करन?”

तुळसाबाईने तेवढ्यात चहाचं आधण ठेवलं. रत्नमालाने मोबाइल टेबलावर मांडला आणि फाटक्या आवाजात म्हणाली, “सर, या महिन्याचं काय काय राहिलं ते सांगा. आपण मिळून करू.”

सर हसले. ही बाई तोंडघशी पडणार याची त्यांना खात्री होती. एकेक काम ते मोजून सांगत गेले. स्वच्छता पंधरवड्याचा अहवाल, पोषण आहाराचा गोषवारा, चौथीच्या वर्णनात्मक नोंदी. ती टाइप करायची, आलेलं वाचायची, चुकलेलं सुधारायची. चहा कपात पडला तोवर यादी संपली होती. मंगरूने मोबाइल हातात घेऊन अहवाल मोठ्याने वाचला आणि सगळ्यांकडे पाहिलं.

“सर, आता तुमाले कामच नाही राहिलं,” तो म्हणाला. त्याला यात काही खोच वाटत नव्हती, उलट आनंदच झाला होता. “मंग उद्यापासून पहिली-दुसरी तुमी घ्या.”

सभेत ठराव झाला. सरांचा चहा तसाच निवला.

मग जे सुरू झालं त्याची गोडी रत्नमालाने पुरेपूर चाखली. पहिलीच्या वर्गात सर सकाळी माणूस म्हणून शिरायचे आणि दुपारी चिपाड होऊन बाहेर पडायचे. एक रडतोय, एकाने नाकात खडू घातलाय, दोघं शेळीमागे पळालेत. सरांना एक बालगीत येत नव्हतं. त्यांना येत होतं फक्त ओरडणं. भिंतीपलीकडे तिसरी-चौथीला शिकवता शिकवता ती तो आवाज ऐकायची. तो आधी चढला, मग चिरकला, मग जाडा झाला. पोरांना गप्प कसं करायचं, हे ती दोन वाक्यांत सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. त्या दिवसांत तिला रात्री भूकही चांगली लागायची.

दिवाळीनंतर सर गळ्याला मफलर गुंडाळून आले. “मॅडम, पंधरा दिवस माझे वर्ग पाहता का? घसा बसला.”

“हळूहळू बोला ना, सर,” ती म्हणाली.

इथवर सगळं तिच्या मनासारखं झालं. पण एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती. अहवाल ती करत होती, पण खाली सही मुख्याध्यापकाची. सगळे अहवाल वेळेवर, एकही चूक नाही, भाषा अशी की वाचत राहावं. तालुक्याला वाटलं, हा शिक्षक म्हणजे रत्न. डिसेंबरात आदेश निघाला. वीरेंद्र सर तालुक्याला प्रतिनियुक्तीवर, तंत्रस्नेही मार्गदर्शक म्हणून. इतर शिक्षकांचा भार हलका कसा करायचा ते आता ते शिकवणार होते. जागेवर दुसरा शिक्षक आला नाही.

जाताना सरांनी पेढे वाटले. “तुमचा मोठा हातभार लागला, मॅडम,” म्हणाले. पेढा तिने कुत्र्यापुढे टाकला.

पुन्हा व्हरांडा, पुन्हा चार वर्ग. कागदाचं काम अर्ध्या तासात उरकायचं, यंत्र कामचुकार नव्हतं. पण पहिलीतल्या पोराच्या नाकातला खडू त्याला काढता येत नव्हता. पंधरा दिवसांत तिच्या घशात पुन्हा काटे उभे राहिले. तिचा इतका संताप झाला होता की झोपेतही दात खायची.

जानेवारीत सरांचं पहिलं प्रशिक्षण होतं. तालुक्यातले शिक्षक सभागृहात, पुढच्या रांगेत साहेब. एकशिक्षकी शाळा म्हणून तिला बोलावणं नव्हतं. बरोबर अकराला तिचा फोन वाजला. वीरेंद्र सर.

“मॅडम,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “ते अहवालाचं कसं करायचं ते पटकन सांगा. पडदा लावून ठेवला आहे. साहेब म्हणून राहिले, प्रत्यक्ष करून दाखवा.”

म्हणजे या माणसाने इतक्या दिवसांत तेही शिकून घेतलं नव्हतं. तिथेही प्लॉटच विकत असेल. सर्वांगाला आग लागली तिच्या.  तिने फोन चालूच ठेवून व्हरांड्यातल्या खिडकीत मांडला आणि पोरांकडे वळली.

“पहिली, बाराखडी म्हणा. दुसरीने बेचा पाढा. तिसरीने कविता. चौथीने एकोणतीसचा पाढा. सगळे एकदम, आणि गावाले आयकू गेलं पाहिजे.”

पोरांना असा हुकूम जन्मात मिळाला नव्हता. छपराचे पत्रे थरथरले. तुळसाबाई झारा हातात घेऊनच धावत आली. रत्नमालाने खिडकीशी जाऊन फोनला कान लावला. “मॅडम, आयकू नाही येऊन राहिलं,” सर म्हणत होते. मग जरा मोठ्याने. मग ओरडून. मग दिवाळीपासून बऱ्या न झालेल्या त्या घशाच्या तळातून, “मॅडम, मॅडम, मॅडम.” शेवटचा ‘मॅडम’ मधेच फाटला. त्यानंतर नुसती हवा आली, पाणी ओढून न घेणाऱ्या पंपासारखी. पाठीमागून कोणीतरी विचारत होतं, “सर, काय झालं? सुरू करा ना.”

ती फोन बंद होईपर्यंत ऐकत उभी राहिली. चौथीचा पाढा मध्येच चुकला होता. तिने तो पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.