तिसरी 'ब'मधली विहीर

कुंदा गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. जोगेश्वरीच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभी होते आणि फोन वाजत सुटला. कमळ, पणती आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं छापलेलं तेच ते चित्र एकामागून एक येत होतं. मी घरी पोहोचायच्या आत मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा, निरोपही आला, 'उद्या त्यांचा कार्यानुभवाचा तास कोण घेणार?' तिला अजून घरातून हलवलंही नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, पण आधी आली ती किळस... महिना उलटून गेला तरी ती जात नाही.

कार्यानुभव म्हणजे पताका कापायच्या, पिस्त्याच्या टरफलांची फुलं करायची. उभा जन्म लहान मुलांना इतिहास शिकवलेल्या बाईला शेवटच्या वर्षी हे काम दिलं होतं. शिक्षाच ती. कशाची, ते सांगते.

कुंदा मूळची मालवणची, तोंडाने फटकळ. पोरांना 'मेल्यांनो' म्हटल्याशिवाय तिचा तास सुरू व्हायचा नाही आणि पोरंही त्यावर खूश. "या वयात 'पूर्वी' म्हटलं की डायनासोर आणि आजोबा एकाच रांगेत उभे राहतात गं," ती मला सांगायची. म्हणून राजांच्या आधी ती आज्यांपासून सुरुवात करायची. तुझी आजी तुझ्याएवढी होती तेव्हा काय खायची, कुठे झोपायची, पाणी कुठून आणायची... घरी विचारून या आणि वर्गाला सांगा. आमच्याकडची बरीच घरं कोकणातून गिरणीच्या नोकरीला आलेली, बाकीची कुठून कुठून. पोरं काय काय घेऊन यायची!

गेल्या वर्षी तिसरी 'ब'मध्ये पाण्याचा विषय निघाला. श्रावणीने सांगितलं की तिच्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नसत. ती हंडा घेऊन खाली बसायची, कुणी वरून ओतलं तर पाणी. तिने गावाचं नाव घेतलं तसा वेदांत ओरडला, "ए, ते तर माझं गाव! ती विहीर आमच्या वाडीत आहे!" त्याला कोण आनंद झाला... दोघं एका बाकावरचे, एका डब्यातलं खाणारे आणि आता गावही एकच निघालं. कुंदा एवढंच म्हणाली, "मग आजोबांना विचारून ये रे. त्यांना आठवत असेल."

दुसऱ्या दिवशी आजोबांचं उत्तर आलं नाही, वेदांतचे वडील आले. सोबत आणखी पालक आणि संस्थेचे सचिव. "बाई, पोरांच्या डोक्यात जात कशाला घालता?" वर्गात जातीचा शब्दही कुणी काढला नव्हता. तो पहिल्यांदा निघाला मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये, चहा-बिस्किटांबरोबर. मी कुंदाच्या बाजूने भांडायला आत गेले होते, पण माझं ऐकतो कोण? सचिवांनी तिला माफी लिहून द्यायला सांगितलं. ती चिडली की मालवणीवर यायची. म्हणाली, "माझा काय चुकला ता आधी सांगा, मगे लिवून देतंय." सोमवारपासून तिच्या हातात कात्री आली.

तिने तक्रार केली नाही. फक्त पताका कापता कापता एकदा मला विचारलं, "वेदांतचे आजोबा काय म्हणाले असतील गं?"

शोकसभेत तेच सचिव माइक सोडेनात. 'इतिहास जिवंत करणाऱ्या बाई!' मागे भलामोठा फ्लेक्स, त्याला हार. मेल्या म्हशीला मणभर दूध! मी उठून व्हरांड्यात आले. आत पदराने डोळे टिपणाऱ्या मोठ्या बाई माझ्यामागोमाग बाहेर आल्या, पार कोरड्या डोळ्यांनी, आणि म्हणाल्या, "त्या मुलांचा चौथीचा इतिहास आता तुम्ही घ्या. फक्त पुस्तकातलं हं." मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी ते आनंदाने केलं असतं.

पहिल्या तासाला मी टेबलापाशी उभी राहून पुस्तक उघडलं. श्रावणीने हात वर केला.

"बाई, तुम्ही मागे बसा ना. कुंदाबाई मागे बसायच्या. पुढे आम्ही असायचो."

पुस्तक मिटून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे आत मावेनात. मग कुणी न बोलावता वेदांत उठला आणि फळ्याला पाठ लावून उभा राहिला.

"पप्पा म्हणालेत, शाळेत सांगायचं नाही," तो म्हणाला. "पण मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, खरंय. मग त्या दिवशी ते जेवलेच नाहीत."

श्रावणीने बसल्या जागेवरून विचारलं, "आता जेवतात ना रे?"